एकटक

दुपारचं जेवण उरकलं की पद्मजा मगदूम शिलाई मशीनपुढच्या खुर्चीवर बसत, फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून उभा करत आणि ऋतुजा सातपुतेचा नवा व्हिडिओ लावत. त्या वेळी त्यांच्याकडे कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाई पोथी ऐकायला बसल्यात. पापणी लवत नसे. बॉबिन नावाचं त्यांचं मांजर पायात घोटाळलं तरी खाली नजर जात नसे. आतून मात्र त्या नुसत्या जळत असत.

जळायला कारण होतं. इचलकरंजीत पद्मजाबाईंचा शिवणक्लास जुना. अर्ध्या गावच्या लेकीसुना कटोरी ब्लाउज शिवायला त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल, कापायची त्यांची स्वतःची एक रीत होती. त्या रीतीनं कापलं की हात वर केला तरी ब्लाउज वर चढत नाही आणि काखेत चुणी पडत नाही. ही रीत त्यांनी कुठल्या पुस्तकातून उचललेली नव्हती. तागेच्या तागे वाया घालवून, सासूची बोलणी खाऊन ती साधलेली होती.

ऋतुजा क्लासला आली तेव्हा तिला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. आली ती कित्येक वर्षं राहिली. बायका तिला काकूंची सावली म्हणत. पद्मजाबाई तिनं शिवलेला प्रत्येक ब्लाउज हातात घेऊन आधी उलटा करत. ‘सुलट बाजू गिऱ्हाईक बघतं, उलट बाजू मी बघते,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आतला जोड मनासारखा नसला की एकच शब्द बोलत, ‘उसव.’ ऋतुजानं उसवण्यात जेवढा वेळ घालवला तेवढा शिवण्यात घालवला नसेल.

मग एके दिवशी ती म्हणाली, काकू, मी माझं स्वतःचं चॅनेल काढते. पद्मजाबाईंचं चॅनेल तेव्हा नुकतंच कुठे बाळसं धरत होतं. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. काढ, म्हणाल्या, पण माझं नाव तोंडात घेऊ नकोस. ऋतुजानं मान डोलावली आणि गेली, आणि दिलेला शब्द तिनं तंतोतंत पाळला. प्रत्येक व्हिडिओत मुंढा मगदुमांचा, पण मगदूम हे नाव औषधालाही नाही. यानं तर पद्मजाबाईंचा अंगार व्हायचा. नाव घेऊ नको म्हटलं म्हणून खरंच घ्यायचं नाही? जनाची नाही, मनाची तरी?

आता टक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

पूर्वी व्हिडिओखाली व्ह्यूज मोजत. व्हिडिओ काही सेकंद चालला की एक व्ह्यू. बघणारा शुद्धीवर आहे का, फोन खिशात आहे का, याच्याशी मोजणाऱ्याला कर्तव्य नसे. कुठल्या कुठल्या गोदामांत भिंतभर फोन मांडून ठेवलेले असत आणि ते रात्रंदिवस कुणीही न बघता व्हिडिओ बघत. असे आकडे फुगत गेले आणि शेवटी त्यांच्यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवेना. तेव्हा मोजणाऱ्यांनी फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याकडून डोळेच मोजायला घेतले.

माणसाचं मन एखाद्या गोष्टीत गुंतलं की डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. उजेड कमी झाला तरी ती मोठी होते. पण पडद्याचा आणि खोलीतला उजेड किती, हे फोनला ठाऊक असतं. उजेडामुळे झालेला फरक वजा केला, की उरतो तो मनाचा. गुंतलेला माणूस पापण्याही कमी मिटतो. शिवाय नजर काही सरळ रेषेत फिरत नाही. ती लहान लहान उड्या मारते आणि मधे मधे थांबते. कुठे थांबली तेही कॅमेऱ्याला कळतं. हे सगळं जमेला धरून, एका माणसानं मिनिटभर मनापासून पाहिलं की त्याची एक टक. परवानगी सगळ्यांकडून एकदाच घेतली होती, आणि सगळ्यांनी ती नेहमीप्रमाणे न वाचता दिली होती.

व्हिडिओ काढणाऱ्याला याचा नकाशाही मिळे. आपल्याच व्हिडिओवर ठिपक्यांचे पुंजके दिसत. बघणाऱ्यांची नजर कुठे कुठे थांबली ते ठिपके. नावं कुणाचीच नाहीत. त्यातही जाणत्या नजरांचे ठिपके वेगळ्या रंगाचे. जो माणूस शिवणकामाचे व्हिडिओ बघताना नेमका सुईच्या टोकाकडे आणि जोडाकडे बघतो तो जाणता, आणि त्याच्या एका टकेला शेकडो हौशी टकांचं वजन.

लोकांनी याचं काय काय केलं ते विचारू नका. पुढारी भाषणाच्या शेवटी टक वाचून दाखवू लागले. शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर मुलं घरी येऊन आईला विचारू लागली, की माझ्या नाचाला तुझी टक इतकी कमी कशी. बायका नवऱ्याचा फोन आता मेसेजसाठी उघडत नसत. त्याची टक कुठे कुठे गेली ते बघत, आणि त्यावरून जी भांडणं झाली ती आमच्या गल्लीनं भिंतीपलीकडून ऐकली आहेत.

पद्मजाबाईंचं दुखणं निराळं होतं. त्यांनी आपल्या व्हिडिओचा नकाशा पहिल्यांदा उघडला तेव्हा ठिपक्यांचा दाट पुंजका मुंढ्यावर नव्हता, त्यांच्या हातावर नव्हता, चेहऱ्यावर तर नव्हताच. मागे खिडकीत झोपलेल्या बॉबिनवर होता. त्या दिवसापासून शूटिंगच्या वेळी मांजर स्वयंपाकघरात कोंडलं जाऊ लागलं. टक धाडकन उतरली. आपल्या मांजराचाही हेवा करावा लागणं म्हणजे फारच झालं.

अशात राज्य वस्त्रकला मंडळानं जाहीर केलं, की यंदापासून राज्यातल्या सगळ्या शिवणक्लासांत ब्लाउजचा पहिला धडा एकाच शिक्षिकेचा दाखवायचा. शिक्षिका टकेवरून ठरणार, मुदत दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. शेवटी दोन नावं पुढे राहिली. ऋतुजा सातपुते बरीच वर, तिच्याखाली पद्मजा मगदूम.

पद्मजाबाईंना हा धडा हवा होता. इतका की त्यांनी ते बोलूनही दाखवलं नाही. आपण गेल्यावर क्लास बंद पडेल, मशीन कुणीतरी नेईल आणि मुंढा लोक ऋतुजाचा म्हणून ओळखतील, हा विचार त्यांना घास गिळू देत नव्हता.

शेवटी एका संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायला बसले असताना त्यांनी नवऱ्यापुढे विषय काढलाच. अजितराव मगदुमांचं चष्म्याचं दुकान. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलेली, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांत काय चाललंय हे त्यांना जरा जास्तच कळे. पोरीत असं काय आहे की लोक तिला माझ्याहून जास्त बघतात, असं पद्मजाबाईंनी विचारलं. अजितरावांनी हात धुतले, बायकोचा फोन घेतला, कुठे कुठे बोटं फिरवून ‘माझी टक’ असं पान उघडलं आणि एकटेच हसू लागले. हसता हसता चष्मा नाकावरून घसरला.

“हसायला काय झालं?”

“तिला वर चढवणारी तूच आहेस की.”

त्यांनी पान दाखवलं. पद्मजाबाईंची त्या वर्षातली जवळजवळ सगळी टक ऋतुजाच्या खात्यात जमा होती. त्यातून त्या जाणत्या. त्यांच्याएवढी जाणती नजर जिल्ह्यात दुसरी नसेल. नवा व्हिडिओ आला की यंत्र तो आधी मूठभर जाणत्यांपुढे टाकून बघतं. त्यांचे डोळे गुंतले, तर मग लाखोंपुढे नेतं. ऋतुजाचा व्हिडिओ आल्याबरोबर त्याच्यावर तुटून पडणारी पहिली जाणती नजर दर वेळी पद्मजाबाईंचीच होती.

“मी काय कौतुकानं बघते व्हय तिला?” पद्मजाबाई म्हणाल्या. “चुका काढायला बघते.”

“बाहुलीला कारण कुठलं कळतंय? आवडीचं माणूस समोर आलं तरी ती मोठी होते, वैरी आला तरी होते. उलट आवडीच्या माणसाकडं बघताना माणूस मधेच जांभई देतं. तू एकदा तरी दिलीस काय?”

पद्मजाबाईंनी ताट बाजूला सारलं. म्हणजे आपण ज्या आगीत जळतोय तिच्यात तेल घालणाऱ्याही आपणच. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की आता ऋतुजाचा एकही व्हिडिओ बघायचा नाही.

पर्युषणात दिवसचे दिवस निराहार राहणारी ही बाई. पाण्याचा थेंब न घेताही ढळली नव्हती कधी. पण हा उपास त्यांना झेपेना. व्हिडिओ आल्याची घंटी वाजली की हात आपोआप डब्याकडे जाई. एकदा त्यांनी फोन पिठाच्या डब्यात ठेवला आणि वर वरवंटा ठेवला. एकदा क्लासच्या बायकांनाच विचारून बसल्या, की त्या सातपुतेबाईनं आज काय शिवलं म्हणे. बायकांनी गळा कसा कापलाय, लटकनं कुठली लावलीत ते सांगितलं. आतून कसा होता, म्हणून विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. आतून कोण बघतंय, काकू?

उपास फळला मात्र. ऋतुजाचे नवे व्हिडिओ जाणत्यांपाशीच अडून राहू लागले. लाखांपर्यंत पोचेनात. तिचा आकडा थांबला. इकडे पद्मजाबाईंनी मनावर दगड ठेवून बॉबिनला स्वयंपाकघरातून सोडवलं आणि थेट मशीनच्या फळीवर आणून बसवलं. बॉबिन दोऱ्याच्या रिळाशी खेळायचं, मागे त्या मुंढा कापायच्या. टक अशी चढली की दसरा तोंडावर आला तेव्हा पद्मजा मगदूम ऋतुजा सातपुतेच्या पुढे होत्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी श्रीखंड आणवलं. ते खाताना नकाशा उघडला. मांजरावर ठिपक्यांचं वारूळ. मुंढ्यावर एक ठिपका दिसला, तोही पाहता पाहता बॉबिनच्या शेपटीमागे गेला. श्रीखंड तसंच वाटीत राहिलं.

मुदत संपायच्या आदल्या दुपारी दारात ऋतुजा उभी. हातात कापडी पिशवी, चेहरा उतरलेला. पद्मजाबाईंना वाटलं, भांडायला आली. त्यांनी पदर खोचला. पण पोरीनं वाकून पाया पडून पहिला प्रश्न विचारला तो भलताच.

“काकू, तुमच्या डोळ्यांना काय झालंय?”

पद्मजाबाईंना काही उमगेना. ऋतुजा म्हणाली, मी आधी काकांच्या दुकानात गेले होते. मोतीबिंदू उतरलाय काय, ऑपरेशन झालं काय, म्हणून विचारलं. ते नुसतं म्हणाले, घरी जा आणि तिलाच विचार.

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? आणि तुला कुणी सांगितलं?”

ऋतुजानं पिशवीतून फोन काढला आणि आपल्या एका जुन्या व्हिडिओचा नकाशा त्यांच्यापुढे धरला. ठिपक्यांची जत्राच. तिच्या चेहऱ्यावर, कानातल्या झुब्यांवर, गळ्याच्या नक्षीवर. मग तिनं फक्त जाणत्यांचे ठिपके ठेवले. थोडेसेच होते. त्यातला एक ठिपका बाकीच्यांबरोबर फिरतच नव्हता. तो आधी खांद्यावर गेला, तिथून मुंढ्यावर उतरला आणि काखेतल्या जोडाशी थांबून राहिला. व्हिडिओच्या शेवटी ऋतुजा ब्लाउज उलटा करून क्षणभर कॅमेऱ्यापुढे धरायची. तोवर सगळे ठिपके निघून गेलेले असत. तो एक मात्र तिथेच असे.

ते उलटं धरणं पद्मजाबाईंनी दर वेळी पाहिलं होतं. बघ, तुझ्यापेक्षा सफाईदार शिवते, असं पोरगी हिणवतेय, हाच अर्थ त्यांनी लावला होता.

“असं बघणारं माणूस जगात एकच आहे,” ऋतुजा म्हणाली. “पहिल्यांदा दिसलं तेव्हाच ओळखलं. मग मी मुद्दाम उलटा करून दाखवायला लागले. तुम्ही बघणार म्हणून एकेक जोड दोनदोनदा उसवलाय, काकू. आणि मग तुम्ही यायचंच थांबलात.”

काकूंचं बघणं थांबल्यावर काय झालं तेही तिनं सांगितलं. दोन ब्लाउज आतून तसेच कच्चे सोडले. अस्तर कातरलं नाही, जोड झाकले नाहीत. उलटे करून दाखवलेसुद्धा. बघणाऱ्यांतल्या एकानंही विचारलं नाही, की बाई, हे काय.

पद्मजाबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. गप्प राहणं सोपं होतं. डोळे जरा दुखत होते म्हटलं असतं तरी पोरगी समाधानानं घरी गेली असती. पण त्यांना स्वतःच्या आतला जोड असा कच्चा सोडून देणं जमलं नाही.

“मला काही झालं नव्हतं. मी तुझ्या चुका काढायला बघत होते. जळत होते गं मी तुझ्यावर. माझ्या बघण्यानं तू वर चाललीस असं कळलं, तेव्हा बघायचं सोडलं.”

ऋतुजाला लागलं होतं, आणि ते तिनं लपवलं नाही. पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“चुका काढताय ते ठाऊक होतं,” ती शेवटी म्हणाली. “जळताय ते नव्हतं. पण काकू, माझ्या चुका दुसरं कोण काढतंय?”

पद्मजाबाईंनी हात पुढे केला. ऋतुजानं पिशवीतून ब्लाउज काढून दिला, हिरव्या खणाचा, शेवटच्या व्हिडिओसाठी शिवलेला. पद्मजाबाईंनी तो उलटा केला. आतल्या जोडावरून अंगठा फिरवत फिरवत काखेपाशी आल्या आणि थांबल्या.

“उसव.”

ऋतुजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती तिथेच, जुन्या जागेवर बसली, जुन्याच डब्यातलं ब्लेड घेतलं आणि टाके काढू लागली. पद्मजाबाई चहा ठेवायला आत जाता जाता वळल्या.

“आणि नाव घेत जा जरा. मी नको म्हणाले म्हणून काय अक्कल गहाण टाकायची?”

दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या शेवटच्या तासांत, ऋतुजाच्या व्हिडिओची घंटी वाजली. पद्मजाबाई अजून पुढे होत्या. फार नाही, पण होत्या. त्यांनी काही न करता नुसतं बसून राहायचं होतं, की धडा त्यांचा, नाव त्यांचं, राज्यभर. फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकून उभा होता. शेजारी बॉबिन पाय पसरून पडलं होतं, जणू सगळं कर्तृत्व त्याचंच. पद्मजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. उद्या राज्यातल्या समद्या पोरी मला लावतील आणि याला बघतील, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग त्यांनी बॉबिनला उचलून स्वयंपाकघरात कोंडलं, खुर्चीवर बसल्या आणि व्हिडिओ लावला.

सुरुवातीलाच ऋतुजानं सांगितलं, की हा मुंढा माझा नाही, माझ्या गुरूंचा आहे, इचलकरंजीच्या पद्मजा मगदूम यांचा. मला आतून शिवायला त्यांनी शिकवलं. इतकं सुरेख बोलली की पद्मजाबाईंना पुन्हा हेवा वाटला. आपल्याला आपल्याविषयी इतकं चांगलं बोलता आलं नसतं. पोरीचा आवाज गोड, हात हलके, कात्री कशी पाण्यातून गेल्यासारखी चाललीय. त्यांच्या पोटात तीच जुनी आग पेटली. ती काही एका दुपारच्या बोलण्यानं विझणारी नव्हती.

अजितराव दुकानातून आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. त्यांनी जेवायला हाक मारली. बाई हलेनात, तेव्हा त्यांनी मागून डोकावून पाहिलं. व्हिडिओखालचा ऋतुजाचा आकडा भराभर पळत होता. त्यांच्या डोळ्यांदेखत तो पद्मजाबाईंच्या आकड्याला गाठून पुढे गेला. “अगं, बघितलंस काय?” ते म्हणाले.

“थांबा जरा,” पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांचं आकड्याकडे लक्षच नव्हतं. पडद्यावर ऋतुजा ब्लाउज उलटा करत होती. त्या पुढे झुकल्या. काखेतल्या जोडाच्या शेवटाला, अगदी टोकाशी, एक टाका जरासा सैल राहिला होता. तो दिसला तेव्हा कुठे पद्मजाबाईंना बरं वाटलं.